खालच्या फ्लॅटमध्ये आमच्या टॉयलेटचं लीकेज जातंय, प्लंबर म्हणतो सगळं फोडा. खरंच फोडावं लागेल का, आणि पुढे असं होऊ नये म्हणून काय करायचं?

लगेच फोडू नका. तुम्ही लिहिलंय की खालच्यांच्या सिलिंगला ओल आलीय, पोपडे पडतायत, मधूनमधून थेंबही पडतात, बिल्डिंग वीसेक वर्षांची आहे आणि प्लंबरने पाच मिनिटं वर बघून "पूर्ण टॉयलेट काढावं लागेल" असं सांगितलं. मी प्लंबर नाही, डोंबिवलीतल्या एका जुन्या सोसायटीत सेक्रेटरी आहे, आणि सेक्रेटरीकडे पार्किंगच्या खालोखाल लीकेजच्याच तक्रारी येतात, त्यामुळे दोन मजल्यांमधली ही भांडणं आणि त्या भांडणांच्या मागचे पाईप दोन्ही बऱ्यापैकी बघितलेत. पाच मिनिटांत फोडायला सांगणाऱ्याने लीकेज शोधलेलं नसतं, त्याने फक्त काम शोधलेलं असतं.

सगळ्यात आधी खालच्या काकूंना विचारा की थेंब कधी पडतात. दिवसरात्र एकसारखे पडत असतील, तुम्ही घरी नसतानाही, तर तो बहुतेक इनलेटचा म्हणजे नळाकडे येणाऱ्या पाण्याच्या लाईनचा प्रॉब्लेम, कारण त्या पाईपमध्ये चोवीस तास प्रेशर असतं. सकाळी आंघोळी आणि टॉयलेटच्या वेळेला वाढतात आणि दुपारी कमी होतात असं असेल तर आउटलेट, म्हणजे नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जिथून जातं ते जाळीखालचं भांडं), पॉटचा जॉइंट, ड्रेनेजचा पाईप नाहीतर टाईल्सचे सांधे. आणि फक्त जून ते सप्टेंबरच ओल येत असेल तर तुमच्या टॉयलेटचा काही संबंधच नसण्याची शक्यता आहे, बाहेरच्या भिंतीच्या भेगा किंवा डक्टमधले (बिल्डिंगचे उभे पाईप जातात त्या मोकळ्या जागेतले) पाईप बघा. एवढ्या एका प्रश्नाने अर्धं निदान होतं पण तो कुणी विचारत नाही, सरळ घण घेऊन येतात.

आता यात एक गोम आहे. तुमचा फ्लश टँक गळत असेल तर पॉटमध्ये बारीक धार चोवीस तास चालू राहते, आणि खालचा ड्रेनेजचा जॉइंट थोडा जरी सैल असला तरी खाली चोवीस तास ठिबकतं. मग सगळ्यांना वाटतं इनलेट फुटलाय आणि भिंत फोडून चांगली लाईन बदलली जाते. म्हणून आधी फ्लश टँक दुरुस्त करा, मग बाकीचा तपास.

फ्लश टँक तपासणं फार सोपं आहे. रात्री झोपताना टाकीत नीळ टाका, दोन-चार थेंब पुरतात, आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा, पॉटमधल्या पाण्याला निळसर रंग आला की टाकी गळतेय. पॉटच्या आत मागच्या बाजूला, पाण्याच्या वर, कोरडा टिश्यू चिकटवून ठेवला तरी कळतं, भिजतो लगेच. पण कुठून गळतेय हे कळायला टाकीचं झाकण काढावं लागेल (चिनी मातीचं असेल तर गादीवर नेऊन ठेवा, ते फुटलं तर त्याच मापाचं दुसरं मिळेपर्यंत जीव जातो). आत पेन्सिलने पाण्याच्या पातळीवर खूण करा, भिंतीवरचा अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा छोटा नळ) बंद करा आणि तासाभराने बघा. पातळी खाली गेली असेल तर फ्लश व्हॉल्व्हच्या (पॉटमध्ये पाणी सोडणाऱ्या मधल्या भागाच्या) खालचं रबर सील गळतंय. पातळी तिथेच असेल पण कॉक उघडल्यावर पाणी चढत चढत मधल्या ओव्हरफ्लो नळीत पडत असेल तर सील ठीक आहे, बॉल कॉक (टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता नळ) पाणी वेळेवर बंद करत नाहीये. त्याचा स्क्रू फिरवून पातळी नळीच्या तोंडाच्या दोन-अडीच सेंमी खाली आणा, तरीही ऐकला नाही तर बॉल कॉक बदला.

सील गळत असेल तर आजकालच्या बटणवाल्या टाक्यांमध्ये मधला अख्खा प्लॅस्टिकचा खांब पाव आटा उलटा फिरवला की हातात येतो. तो उलटा करून बघा, बुडाला लाल किंवा करड्या रबराची गोल चकती असते. आमच्याकडे टँकर आणि बोअरचं पाणी येतं म्हणून त्या चकतीच्या कडेला पांढरी खरखरीत कड तयार झालेली असते, बोट फिरवलं की वाळूसारखी लागते, आणि त्या खरखरीमुळेच ती नीट बसत नाही. व्हिनेगरमध्ये तासभर भिजवून मऊ ब्रशने घासा, टाकीतली जिथे ती बसते ती कडही पुसून घ्या, पुष्कळदा एवढ्यानेच धार थांबते. रबर कडक झालं असेल किंवा त्यावर कायमचा खळगा पडला असेल तर जुनी चकती घेऊनच दुकानात जा, नुसतं "फ्लशचा वायसर द्या" म्हटलं तर हमखास चुकीचा मिळतो. शे-दोनशे रुपयांचं काम आहे. हो, आणि ती टाकीत टाकायची निळी किंवा क्लोरीनवाली वडी वापरत असाल तर बंद करा, पाणी छान दिसतं पण रबर त्याच पाण्यात दिवसभर बुडालेलं असतं आणि लवकर खराब होतं.

"थोडंसं तर गळतंय" म्हणून लोक वर्षं काढतात. टाकी आतून साधारण 35 सेंमी बाय 12 सेंमी धरली तर तासाला 1 सेंमी पातळी उतरणे म्हणजे सुमारे 400 मिली, दिवसाला 10 लिटर, हे खरंच थोडंसं. पण ओव्हरफ्लोमधून बारीक धार चालू असेल, मिनिटाला 200 मिली जरी म्हटलं, तर दिवसाला 288 लिटर गेले. शहरात माणशी 135 लिटरचा हिशोब धरतात, म्हणजे दोन माणसांचं दिवसभराचं पाणी गुपचूप गटारात, आणि टँकरचे पैसे सगळी सोसायटी भरतेय.

टाकी नीट झाली की मग मेन टेस्ट. रात्री किंवा बाहेरगावी जाताना तुमच्या फ्लॅटचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा. जुन्या बिल्डिंगमध्ये बाथरूमची आणि फ्लशची लाईन वेगळी असते, काही ठिकाणी व्हॉल्व्ह गच्चीवर असतो, वॉचमनला बरोबर माहीत असतं. खालचं ठिबकणं थांबलं तर इनलेट. पण घाई नको, कारण आपल्याकडच्या बहुतेक जुन्या बिल्डिंगमध्ये टॉयलेटचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्यात विटांचे तुकडे, कोबा वगैरे भराव असतो, तो भराव स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो, म्हणून वरचं पाणी बंद केलं तरी खाली एक-दोन दिवस थेंब येत राहतात. एका रात्रीत थांबलं नाही म्हणून "इनलेट नाही" असा निकाल देऊ नका, कमी होतंय का ते बघा. इनलेटचा संशय पक्का झाला तर प्लंबरकडून हाताने चालवायचा छोटा टेस्ट पंप लावून प्रेशर टेस्ट करून घ्या, लाईनचं तोंड बंद करून प्रेशर भरायचं आणि पंपाच्या मीटरचा काटा उतरतो का बघायचं. काटा जागेवर राहिला तर भिंतीला हात लावायचा नाही. ज्या प्लंबरकडे हा पंप नाही त्याला भिंत फोडायला देऊ नका असं माझं सरळ मत आहे.

आउटलेट असेल तर पाणी तुंबवून बघा. नहाणी ट्रॅपचं तोंड प्लॅस्टिक पिशवीत ओला कपडा कोंबून बंद करा, फरशीवर इंचभर पाणी भरा, त्यात नीळ टाका आणि दिवसभर टॉयलेट वापरू नका (दुसरं टॉयलेट नसेल तर शेजाऱ्यांशी संबंध चांगले असलेले बरे). खाली निळं पाणी दिसलं किंवा ओल वाढली तर फरशीचे सांधे गळतायत. काहीच झालं नाही, मग पिशवी काढली, ते सगळं पाणी एकदम गेलं आणि त्यानंतर खाली ओल वाढली, तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाईप. आणि फक्त फ्लश केल्यावरच येत असेल तर पॉटच्या मागचा जॉइंट. युट्यूबवर अमेरिकन व्हिडिओत मेणाची रिंग बदलताना दाखवतात, आपल्याकडे सहसा ती नसते, रबरी कनेक्टर असतो नाहीतर जुन्या काळी सरळ सिमेंट भरलेलं असतं. पॉटवर बसल्यावर तो जरा जरी हलत असेल तर तो जॉइंट गेलाच समजा. वरून पांढरा सिमेंट थापून काही होत नाही, पॉट उचलून कनेक्टर बदलून परत नीट बसवावा लागतो, पण तेही एका दिवसाचं काम आहे आणि त्यात टाईल्स शाबूत राहतात.

आमच्याकडे आलेल्या केसेसमध्ये सर्वात जास्त वेळा दोषी निघालेत ते फरशीचे सांधे आणि नहाणी ट्रॅपच्या जाळीभोवतीची कड. आणि त्याला कारण गळकं बांधकाम नाही, ॲसिड. दर रविवारी बाटलीभर ॲसिड ओतून टॉयलेट चकाचक करायची सवय अजून घरोघरी आहे. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, टाईलला फारसं काही करत नाही पण टाईल्सच्या मधला सिमेंटचा सांधा खातं, तो फेस येतो ना, ती घाण निघत नसते, सिमेंट निघत असतं. वर्षभरात सांधे पोकळ होतात आणि रोजच्या आंघोळीचं पाणी भरावात जायला लागतं. क्षाराचे डाग असतील तर व्हिनेगरसुद्धा डागापुरतंच लावा आणि लगेच धुवा, रोजच्याला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. पॉटच्या आत टॉयलेट क्लीनर वापरा, ते चालतं, पण फरशीवर नको.

सांधेच गेले असतील तर फोडण्याऐवजी जुने सांधे खरवडून काढून इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी सांध्यात भरायचं पाणी न शोषणारं मिश्रण) भरून घ्या. त्याआधी टॉयलेट पूर्ण कोरडं हवं आणि भरल्यावर निदान चोवीस तास पाणी नको, कारागीर हे सांगत नाहीत कारण त्यांना संध्याकाळी पैसे घेऊन जायचं असतं. ट्रॅपभोवती गेलं असेल तर ट्रॅपच्या आजूबाजूचा फूटभर भाग काढून ट्रॅप नव्याने बसवता येतो. पूर्ण फोडून नवीन वॉटरप्रूफिंग करायचं ते हे सगळं करूनही थांबलं नाही तर, किंवा आतले जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाईप इतके गंजलेत की सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं, मग मात्र एकदाच सगळं काढून सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारे प्लॅस्टिकचे पाईप) टाकून घेतलेलं बरं. तेव्हा गिझरच्या लाईनला साधा यूपीव्हीसी लावू देऊ नका, तो गरम पाण्यासाठी नसतो.

पुढे काय बघत राहायचं विचारलंत तर खरं तर फार नाही. अँगल कॉक दोन-तीन महिन्यांतून एकदा पूर्ण बंद करून उघडायचे, नाहीतर क्षाराने जाम होतात आणि नेमकं पाणी उडत असताना बंद होत नाहीत. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या कनेक्शन पाईपच्या जागी स्टीलच्या जाळीवाले लावा, आणि बसवताना हाताने घट्ट करून मग पान्याने पाव आटा, बस, जोर लावला की आतला वायसर फाटतो किंवा प्लॅस्टिकचे आटे तडकतात. टेफ्लॉन टेप लावायचा तो नळाच्या आट्यांवर, जिथे पाईपमध्ये वायसर आहे तिथे त्याची गरज नसते.

जेट स्प्रे हा माझ्या मते घरातला सर्वात धोकादायक पाईप. वापरून झाल्यावर त्याचा कॉक बंद करायचा. नुसता दट्ट्या सोडला तर पूर्ण प्रेशर त्या बारीक रबरी नळीवर राहतं. वरच्या टाकीपासून दर 10 मीटर खाली आलं की 1 किलोचं (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर वाढतं, म्हणजे टाकी आठव्या मजल्याच्या गच्चीवर आणि तुम्ही पहिल्यावर असाल तर दोन किलोच्या वर रात्रंदिवस. आमच्याकडे गणपतीत एक कुटुंब कोकणात गेलेलं असताना हीच नळी फुटली, पाणी जिन्यावरून खाली आलं तेव्हा कळलं. बाहेरगावी जाताना गॅस बंद करतो तसा मेन व्हॉल्व्हही बंद करायचा. परत आल्यावर वास आला तर घाबरू नका, ट्रॅपमधलं पाणी सुकलेलं असतं, दोन मग पाणी ओता.

राहिला पैशांचा आणि भांडणाचा भाग. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरची कॉमन पाईपलाईन, ड्रेनेज लाईन आणि पावसाच्या पाण्याचं लीकेज सोसायटीने करायचं, आणि टॉयलेट, सिंक वगैरेचं आतलं लीकेज त्या फ्लॅटवाल्याने स्वतःच्या खर्चाने, कमिटीच्या मध्यस्थीने. म्हणून वरच्या टेस्ट करताना खालच्यांना आणि कमिटीतल्या एकाला समोर ठेवा, फोटो तारखेसकट काढा, आणि सोसायटीला एक साधं पत्र द्या की अमुक दिवशी अमुक तपासलं आणि हे निघालं. डक्टमधल्या कॉमन पाईपचा जॉइंट निघाला तर तुमच्या खिशातला एक रुपया जायचं कारण नाही. आणि तुमचंच निघालं तर खालच्यांचं प्लास्टर-रंग करून द्यायची तयारी आधीच दाखवा, पण रंग भराव पूर्ण सुकल्यावर, महिना-दीड महिन्याने, नाहीतर परत पोपडे येतील आणि काकू परत तुमच्या दारात.