छळछावणी की संहारछावणी?

प्रश्न असा आला आहे : 'नाझींच्या सगळ्याच कॅम्पांना मराठीत सरसकट छळछावणी म्हणतात. ट्रेब्लिंकालाही तेच म्हणायचं का?'

नाही. जर्मनव्याप्त पोलंडमधल्या त्या छावणीला 'संहारछावणी' म्हणावं, असं माझं ठाम मत आहे.

'छळछावणी' हा शब्द मुळात उत्तम आहे. जर्मन नावाचा अर्थ 'माणसं एका जागी गोळा करण्याची छावणी' एवढाच. आत काय चालतं याचा त्यात मागमूस नाही. मराठीने ते उघड सांगितलं. मार्च १९३३मध्ये म्युनिकजवळ डाखाऊची छावणी सुरू झाली, तेव्हा तिथे डांबले ते मुख्यतः हिटलरचे राजकीय विरोधक. मारहाण, उपासमार, मरेस्तोवर काम. अशा जागेला हाच शब्द चपखल बसतो. डायरी लिहिणारी ॲन फ्रँक १९४५मध्ये जिथे मरण पावली त्या बेर्गेन-बेल्सनलाही तो लागू पडतो. तिथे गॅस चेंबर नव्हते. भूक, गर्दी आणि टायफसने हजारो माणसं मेली.

ट्रेब्लिंकात छळायला म्हणून माणसं ठेवलीच नव्हती. जुलै १९४२पासून वॉर्साच्या घेट्टोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, ज्यूंना 'पूर्वेकडे पुनर्वसन' असं सांगून मालगाडीच्या डब्यांत कोंबलं गेलं. उतरायची जागा पुढे खऱ्या स्टेशनासारखी सजवली : तिकिटाची खिडकी, गाड्यांच्या पाट्या, भिंतीवर घड्याळ. त्या घड्याळाचे काटे रंगाने काढलेले होते. उतरलेल्यांचे कपडे काढून घ्यायचे, बायकांचे केस कापायचे आणि इंजिनाचा धूर सोडलेल्या चेंबरमध्ये कोंडून मारायचं. बहुतेकांच्या बाबतीत हे सगळं काही तासांत उरकत असे. सव्वा वर्षाच्या आत तिथे आठ लाखांहून जास्त ज्यू मारले गेले. त्यांच्यासाठी राहायच्या बराकी बांधल्याच नव्हत्या. बराकी होत्या त्या पहारेकऱ्यांच्या आणि कपड्यांची वर्गवारी, प्रेतांची विल्हेवाट अशा कामांना जुंपलेल्या मोजक्या ज्यू कैद्यांच्या. खरं तर 'छावणी' म्हटलं की मुक्काम आला, मग ती लष्कराची असो की दुष्काळातली गुरांची. त्या अर्थाने शब्दाचा उत्तरार्धही इथे लंगडाच पडतो, पण तो रुळलेला आहे, असू दे.

'मृत्युछावणी' असंही काही जण लिहितात. मला ते पटत नाही. मृत्यू डाखाऊतही होताच, आणि मृत्यू आपोआपही येतो. 'संहार' म्हटलं की करणारा आला, ठरवून करणं आलं. पुराणांत संहार होतो तो दैत्यांचा, म्हणून हा शब्द निरपराधांसाठी नको, असा आक्षेप घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे. पण 'नरसंहार' आणि 'वंशसंहार' या शब्दांनी ती छटा केव्हाच मागे टाकली आहे.

बेल्झेक, सोबिबोर आणि खेल्मनो यांनाही संहारछावणीच म्हणावं. बेल्झेकमधून जिवंत सुटलेले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 'छळछावणीतून वाचलेले' हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. बेल्झेकमध्ये मारलेल्या चार लाखांहून अधिक ज्यूंच्या बाबतीत तो जवळजवळ निरर्थक ठरतो.

ऑशविट्झला मात्र एका शब्दात बसवता येत नाही. तिथे फलाटावरच निवड व्हायची. कामाला लायक ठरले त्यांच्या हातावर क्रमांक गोंदला जाई. म्हातारे, लहान मुलं, लेकुरवाळ्या बाया नोंदसुद्धा न होता थेट गॅस चेंबरकडे. मारले गेलेले सुमारे ११ लाख, त्यांत ज्यू १० लाखांच्या घरात. क्रमांक मिळालेल्यांसाठी ती छळछावणी, बाकीच्यांसाठी संहारछावणी.

अजून एक. 'पोलिश छळछावण्या' असं कृपा करून लिहू नका. जागा पोलंडमधली, पण छावण्या जर्मन नाझींच्या. पोलंडच्याच विनंतीवरून युनेस्कोने २००७मध्ये जागतिक वारसा यादीतलं ऑशविट्झचं नाव बदललं. त्यात दोन्ही शब्द आहेत. मराठीत ते असं लिहिता येईल : 'ऑशविट्झ-बिर्केनाऊ, जर्मन नाझी छळ आणि संहार छावणी (१९४०-१९४५)'.