आईचे पैसे आधी आईवर

अरे राजा,

परवा रात्री फोनवर तू दोनच प्रश्न परत परत विचारत होतास, आईला अर्धांगवायू झालाय तर नोकरी सोडून साताऱ्याला तिच्याकडे जाऊ का, आणि नाही गेलो तर तिच्या देखभालीचे महिन्याचे 44 हजार आणू कुठून. मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं कारण तू तीन रात्री झोपला नव्हतास, आणि अशा माणसाला आकडे सांगून काही उपयोग नसतो. आज सकाळी चहा झाल्यावर वही घेऊन बसले आणि तू सांगितलेलं सगळं मांडलं, तेच लिहिते आहे. सावकाश वाच, आणि बहिणीलाही वाचायला दे.

आधी तुझे 44 हजार. आईला सांभाळायला चोवीस तास घरी राहणाऱ्या मावशीचे ब्युरोने सांगितलेले 27 हजार, फिजिओचे 6, औषधं 4, डायपर वगैरे साडेतीन, आणि बाकी फळं, रिक्षा, वाढलेलं लाइटबिल असं धरून साडेतीन. बरोबर आहे हिशोब. पण तू तो सगळा तुझ्या पगारासमोर ठेवलास. आईची फॅमिली पेन्शन 19 हजार येते, आईच्या नावावर 18 लाखांच्या एफडी आहेत, आणि हे दोन्ही तू मला शेवटी, जाता जाता सांगितलंस, "ते तिचे पैसे आहेत, त्यांना हात नाही लावणार" असं म्हणून.

नेमकं इथेच मला तुला थांबवायचंय. ते पैसे तिचे आहेत म्हणूनच ते आधी तिच्यावर खर्च व्हायला हवेत. तुझ्या वडिलांनी शाळामास्तराच्या पगारातून ते साठवले ते म्हातारपणासाठीच ना, आणि म्हातारपण म्हणजे हेच, उजवी बाजू गेलेली आणि उठून बसायला दोन माणसं लागतात. आईवडिलांच्या पैशाला हात लावणं म्हणजे नालायकपणा असं आपल्याकडे मुलांना वाटतं, लोक काय म्हणतील वाटतं. मलाही वाटलं होतं, आणि त्याचं काय झालं ते मी तुला ऑफिसात कधी सांगितलं नाही.

माझ्या बाबांना विसरायला व्हायला लागलं तेव्हा आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं, बाबांची एफडी तशीच राहू दे, आपण करू. दोन वर्षं केलं. मग मोठ्याची नोकरी गेली, धाकट्याच्या मुलीचं इंजिनिअरिंग आलं, आणि आम्ही म्हटलं आता एफडी मोडू. तोपर्यंत बाबा स्वतःचं नाव सांगू शकत नव्हते. माझ्याकडे मुखत्यारपत्र होतं, म्हणजे त्यांच्या वतीने व्यवहार करायचा त्यांनी दिलेला अधिकार, मोठ्या विश्वासाने बँकेत घेऊन गेले, तर कळलं की देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारपत्र चालत नाही. 1872 च्या करार कायद्यातच ते आहे, बँकेचं काही चुकलं नव्हतं. मग कोर्टातून पालक म्हणून नेमून घ्यायचं, वकील, डॉक्टरांचे दाखले, तारखा, वर्षाच्या वर गेलं त्यात आणि तेवढा काळ मी माझा पीएफ काढून घर चालवलं. बाबांचे पैसे बँकेत होते आणि बाबांना लागणारी हवेची गादी मी हप्त्यावर आणली.

म्हणून पहिलं काम पैसे आणायचं नाहीच, कागदांचं आहे, आणि ते या महिन्यात कर. तुझ्या आईचा हात गेलाय, डोकं शाबूत आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे तुला कल्पना नाही. सही जमत नाही म्हणून काही अडत नाही. आजारी खातेदाराचा अंगठा बँकेला चालतो, तोही जमत नसेल तर पायाचा अंगठासुद्धा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. सत्तरीच्या वरच्यांसाठी बँकेचा माणूस घरी यायची सोय आहे, मॅनेजरला लेखी अर्ज दे, नुसतं तोंडी विचारून परत येऊ नको. सेव्हिंग खातं आणि एफडी तुझ्या किंवा बहिणीच्या नावाबरोबर ईदर ऑर सर्व्हायव्हर करून घ्या, म्हणजे दोघांपैकी कुणीही एकटं व्यवहार करू शकेल, पेन्शनच्या खात्याचे नियम वेगळे असतात ते तिथेच विचार. सगळीकडे नॉमिनी तपास. आणि आईला विचारल्याशिवाय यातलं काही करू नको, तिला शांतपणे बसून सांग, तिला बोलायला वेळ लागतो म्हणून तिच्या वतीने तूच हो म्हणू नको. नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतो तोही लक्षात ठेव, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, ते चुकलं तर पेन्शन थांबते आणि आपण उगाच महिनाभर हवालदिल होतो.

आता एफडी. 18 लाखांतले 3 लाख हाताशी ठेव, कधीही काढता येतील असे, कारण हॉस्पिटलात एखादं अ‍ॅडमिशन होतंच. उरलेले 15 लाख एफडीची मुदत संपेल तसे सिनिअर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये टाक, पोस्टात किंवा बँकेत. साठीच्या पुढच्या माणसाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, मी हे लिहिते आहे तेव्हा दर 8.2 टक्के आहे आणि खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो. व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं, 15 लाखांवर 30,750, म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार. मुदतीआधी मोडलं तर पैसे कापून घेतात म्हणूनच ते 3 लाख बाहेर ठेवायला सांगितले. व्याज ज्या सेव्हिंगमध्ये जमा होतं त्या खात्यावर तुमच्यापैकी एकाचं नाव हवं, आणि व्याजातून आधीच टॅक्स, म्हणजे टीडीएस, कापू नये म्हणून फॉर्म दे, तिचं उत्पन्न टॅक्स लागण्याएवढं नाहीये.

आता परत मांड. 19 हजार अधिक सव्वादहा, 29,250. खर्च 44 हजार. खड्डा 14,750 चा आहे, 44 हजारांचा नाही. एवढ्यासाठी तू नोकरी सोडायला निघाला होतास! पुढे महागाईने मावशीचे पैसे वाढतील, व्याज वाढणार नाही, मग मुद्दलातून थोडं थोडं काढावं लागेल, आणि काढायचं. ते पैसे संपले तरी चालतील, ती आहे तोवर ते तिच्या उपयोगी पडले म्हणजे झालं.

नोकरीचं एवढंच सांगते की तुझ्या कंपनीच्या पॉलिसीत आई आहे, राजीनाम्याबरोबर ती पॉलिसी जाते. महिनाभर वर्क फ्रॉम होम माग, बिनपगारी रजा माग, पण राजीनामा नको. आणि ती पॉलिसी घरच्या मावशीचे पैसे देणार नाही, सहसा मेडिक्लेम तसे देत नाही, ती हॉस्पिटलात दाखल झाल्यावरची. आई 71 ची आहे तर आयुष्मान या सरकारी आरोग्य योजनेचं वय वंदना कार्डही काढून ठेव, 70 च्या पुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर 2024 पासून मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात. तेही दाखल झाल्यावरच चालतं, पण आधार कार्ड घेऊन आत्ताच काढ, रात्री दोन वाजता अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसून असल्या गोष्टी सुचत नाहीत. तू जुन्या टॅक्स पद्धतीत असशील तर आईच्या खर्चाची वजावट बसते का ते सीएला विचार, औषधांची बिलं जपून ठेव आणि रोख देऊ नको.

कुठे हात आखडायचा आणि कुठे नाही हे मात्र नीट ऐक. फिजिओवर आत्ता अजिबात आखडू नको. अर्धांगवायूनंतर जे सुधारतं ते पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात जास्त सुधारतं, आज रोजच्या रोज माणूस येऊन तिला उभं करत असेल तर कदाचित वर्षभराने ती स्वतः बाथरूमला जाईल, आणि ती एक गोष्ट झाली की चोवीस तासांची मावशी बारा तासांवर येते, म्हणजे हा खर्चच पुढचा खर्च कमी करतो. कूस बदलणंही तसंच, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, झाली की ड्रेसिंग, अँटिबायोटिक, परत हॉस्पिटल, आणि तिच्या यातना वेगळ्याच. कॉट, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची यांवर मात्र एक रुपया घालवू नको. आपल्याकडे गावोगावी रुग्णोपयोगी साहित्य देणारी केंद्रं असतात, ज्येष्ठ नागरिक संघ, मंदिराचे ट्रस्ट, गणेश मंडळंसुद्धा ठेवतात, डिपॉझिट भरायचं, नाममात्र भाडं, काम झालं की परत. सातारा शहरात विचारलंस तर दोन दिवसांत पत्ता लागेल. रोजच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांना विचारून सरकारी जनऔषधी केंद्रात बघ, तिथे स्वस्त मिळतात.

मावशींबद्दल. चोवीस तासांची मावशी म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे, तीही माणूस आहे, रात्री तिला सलग झोप मिळाली नाही तर पंधरा दिवसांत ती जाते आणि तू परत ब्युरोला फोन लावत बसतोस. आठवड्याची सुट्टी द्या, आपण जेवतो तेच जेवण द्या, आणि सुट्टीच्या दिवशी बदली कोण ते आधी ठरवा. ब्युरोच्या 27 हजारांतले तिच्या हातात किती पडतात तेही विचार.

बदली कोण म्हटल्यावर तुझ्या डोक्यात बहीण आली असेल. फोनवर तू म्हणालास, "ती जवळच आहे, ती जाते रोज." ती रोज जाते याचा हिशोब कुठे आहे? माझ्या वहिनीने सहा वर्षं बाबांचं सगळं केलं, अंघोळ, भरवणं, रात्री उठून दारापाशी गेलेल्या बाबांना परत आणणं, आणि बाबा गेल्यावर एफडीचे तीन हिस्से झाले तिघा भावंडांत, तिला कुणी विचारलंही नाही. मी माझ्या हिश्श्यातले तिच्या नावावर ठेवले तर ती रडली आणि घेईना. मला आजही ते आठवलं की पोटात तुटतं. तेव्हा तो 14,750 चा खड्डा निम्मा-निम्मा वाटू नको, तो तू भर. बहीण वेळ देते आहे, आणि जमलं तर तिला रिक्षाचे, सुट्टीच्या दिवसांचे पैसे आईच्या खात्यातून उघडपणे दे, वहीत लिहून. तिला विचित्र वाटेल, तरी दे.

घराचं शेवटी लिहिते. मामा म्हणतायत की पुढचा त्रास नको म्हणून आत्ताच बक्षीसपत्र करून घर तुझ्या नावावर करून घे. अजिबात करू नको. त्यांचा हेतू चांगला असेल, पण आई ज्या घरात झोपली आहे ते घर तिच्याच नावावर राहायला हवं. सांभाळण्याच्या अटीवर घर घेऊन मग न सांभाळणाऱ्या मुलांमुळे 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात असं हस्तांतरण रद्द करायचं कलम घालावं लागलं, यावरून समज. तिची इच्छा असेल तर मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार, आणि तिची समज ठीक आहे असा त्या दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत. आणि खरंच सगळं मुद्दल संपायला आलं तर त्याच घरावर रिव्हर्स मॉर्गेज मिळू शकतं, बँक पैसे देत राहते, आई तिथेच राहते, तिच्या हयातीत फेडावं लागत नाही. फार लोक घेत नाहीत ते, घर मुलांना राहायला हवं म्हणून. तुला आज त्याची गरज नाही, फक्त घर विकणं हाच एक रस्ता नाही एवढं माहीत असू दे.

रविवारी अकरा वाजता फोन कर, बहिणीलाही कॉलवर घे. पासबुकं, एफडीच्या पावत्या आणि पेन्शनचा कागद समोर ठेवा, आणि आई जागी असेल तर फोन तिच्या उशाशी ठेवा, तिलाही ऐकू दे.

— ताई