समुद्राचं 'आंदोलन'

प्रश्न असा आलाय : हरिकेनांवरच्या, म्हणजे अटलांटिकातल्या चक्रीवादळांवरच्या, एका लेखात 'अटलांटिक बहुदशकीय आंदोलन' असं वाचलं. समुद्र कसलं आंदोलन करतो? शब्द चुकलाय का?

हसू येतं खरं, पण शब्द चुकलेला नाही. संस्कृतात आंदोलन म्हणजे झुलणं, हेलकावणं. मोर्चा-धरण्यांचा अर्थ नंतर चिकटला. गाणाऱ्यांनी जुना अर्थ जपलाय. दरबारी कानड्यातला गंधार आंदोलित असतो, म्हणून तो काही संपावर गेलेला नसतो! तरी विज्ञानाच्या पुस्तकांतला 'दोलन' बरा, निदान कानात घोषणा घुमत नाहीत.

माझी अडचण मात्र दोलनाशीही आहे. दोलन म्हटलं की घड्याळाचा लंबक आठवतो : ठरल्या वेळी गेला, ठरल्या वेळी आला. अटलांटिकचं तसं आहे का? १९७१ ते १९९४ ही वर्षं तिथे हरिकेनांच्या बाबतीत बरीच शांत गेली. १९९५पासून जोर वाढला. २००५च्या एका मोसमात १५ हरिकेनं झाली. हरिकेनांना बळ मिळतं उबदार पाण्यातून. उष्णता उत्तरेकडे वाहून नेणारे समुद्रप्रवाह कधी जोरात, कधी मंद वाहतात आणि त्यामुळे काही दशकं पाणी उबदार, काही दशकं थंड राहतं, अशी उपपत्ती होती. म्हणजे झोका आपला आपणच चालणारा. पुढे दुसऱ्या कारणावर बोट ठेवलं गेलं. युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांच्या धुरातल्या गंधकाच्या कणांनी ऊन अडवलं, समुद्र थंड राहिला. कायदे होऊन हवा निवळली, तसं पाणी तापलं. मग लंबकाला बाहेरूनच कोणीतरी ढकलत होतं म्हणायचं! गंमत म्हणजे २००० साली 'अटलांटिक मल्टिडेकेडल ऑसिलेशन' हे मूळ इंग्रजी नाव ज्यांनी रूढ केलं, त्या हवामानशास्त्रज्ञ मायकेल मान यांनीच पुढे असं स्वयंभू दोलन नाकारलं. या सगळ्यावर एकमत झालेलं नाही, पण बरेच संशोधक आता 'ऑसिलेशन'ऐवजी 'व्हेरिएबिलिटी', म्हणजे नुसती बदलशीलता, लिहितात.

म्हणून मी 'अटलांटिकचे दशकांचे चढउतार' लिहीन. चढउतार म्हटलं की कारण कुठलं, पुन्हा कधी, याची हमी द्यावी लागत नाही. 'चक्र' तर नकोच : एक तर ते परत फिरून येण्याचं वचन देतं, आणि वर 'चक्रीवादळांचं चक्र' असं वाक्य लिहायची पाळी येते.