वाचकांचे प्रश्न : श्रद्धा घरात, संस्कृतीत आणि सार्वजनिक जीवनात

प्रश्न : फादर, सप्रेम नमस्कार. आमच्या मुलीने जो मुलगा पसंत केला आहे तो ख्रिस्ती नाही. मुलगा सुस्वभावी आहे आणि आमच्या श्रद्धेविषयी त्याला आदर आहे. परंतु धर्म बदलण्याची त्याची इच्छा नाही आणि मुलीचाही तसा आग्रह नाही. तिचे वडील म्हणतात की असा विवाह ख्रिस्तसभेला (कॅथलिक चर्चला) मान्यच नाही, आणि तिने ऐकले नाही तर आपण तिच्याशी संबंध ठेवायचा नाही. मुलाच्या घरच्यांनी असे ऐकले आहे की, चर्चमध्ये लग्न लावायचे असेल तर सगळी मुले कॅथलिक करीन, असे त्यांच्या मुलाला लिहून द्यावे लागते. यातले खरे काय? (एक आई)

उत्तर : ताई, आपल्या पत्रात दोन्ही घरांच्या मनातली एकेक समजूत आली आहे, आणि त्या दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत. आधी आपल्या घरातली घेऊ. कॅनन लॉच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या, १०८६व्या कलमाप्रमाणे, स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झालेली कॅथलिक व्यक्ती आणि स्नानसंस्कार न झालेली व्यक्ती यांच्या विवाहाला अडथळा आहे हे खरे. मात्र हा अडथळा दूर करण्याचा अधिकार बिशपांना आहे आणि योग्य कारण असेल तर ते तशी परवानगी देतात. परवानगी न घेता उरकलेला विवाह ख्रिस्तसभेच्या दृष्टीने वैध ठरत नाही. परवानगीने झालेला विवाह पूर्णपणे वैध असतो, त्यात काहीही उणे नसते. दोघांपैकी एकाचा स्नानसंस्कार झालेला नसल्यामुळे त्याला काटेकोर अर्थाने संस्कार (सॅक्रामेंट) म्हणत नाहीत, एवढाच फरक. अशा विवाहासाठी ख्रिस्तसभेने स्वतंत्र विधी नेमून दिला आहे आणि तो मिस्साविना, म्हणजे ज्या उपासनेत कॅथलिक लोक ख्रिस्तशरीर (पवित्र भाकर) स्वीकारतात तिच्याविना, होतो. ज्या प्रसंगी दोन्ही कुटुंबांनी एकत्र यायचे, त्याच प्रसंगी वेदीपाशी अर्ध्या मंडळींना मागे बसून राहावे लागू नये, हे मला त्यातले शहाणपण वाटते.

आता मुलाच्या घरची समजूत. ती कुठून आली हे मला ठाऊक आहे, कारण एके काळी तसेच होते. १९१७च्या कॅनन लॉमध्ये दोन्ही पक्षांकडून हमी घेतली जाई आणि ती सहसा लेखी असे. पोप सहावे पौल यांनी १९७० साली ही पद्धत बदलली आणि १९८३पासून लागू असलेल्या आजच्या कॅनन लॉच्या ११२५व्या कलमात तोच बदल कायम आहे. आज वचन देते ती केवळ कॅथलिक व्यक्ती. आपण आपली श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा स्नानसंस्कार व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावे यासाठी आपल्याच्याने होईल ते सर्व करू, असे ती मनापासून सांगते. दुसऱ्या व्यक्तीकडून कोणतीही सही घेतली जात नाही. आपला जोडीदार कोणते वचन देत आहे हे तिला वेळेत आणि स्पष्टपणे सांगितलेले असावे, एवढीच अट आहे.

या कलमातील ‘आपल्याच्याने होईल ते’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. आपली मुलगी निकालाचे वचन देत नाही, प्रयत्नाचे देते. उद्या पतीने मान्य केले नाही आणि तिने भांडण न करता, लपवाछपवी न करता, स्वतःच्या प्रार्थनेने आणि वागण्याने मुलांपुढे श्रद्धा ठेवली, तर तिचे वचन मोडले असे कोणताही सुजाण धर्मगुरू म्हणणार नाही. मात्र ही गोष्ट लग्नाआधी मोकळेपणाने बोलली गेली पाहिजे. विवाहपूर्व भेटीत काही जोडपी हा विषय टाळतात आणि पहिले मूल झाल्यावर तो अचानक समोर येतो. तेव्हा बोलणारे दोघे राहत नाहीत, चार आजीआजोबाही त्यात उतरतात. म्हणून मुलांचा स्नानसंस्कार, घरातील प्रार्थना, सणवार, रविवारची मिस्सा आणि आजारपणातील व अखेरच्या वेळचे विधी या प्रत्येक बाबीवर दोघांनी आताच सविस्तर बोलावे, आणि मुलाने ‘मला हे जमणार नाही’ असे म्हटले तर त्या प्रामाणिकपणाचा राग धरू नये. एक व्यवहाराची गोष्टही सांगून ठेवतो. चर्चमध्ये एकदा आणि दुसऱ्या धार्मिक विधीत पुन्हा एकदा, अशी विवाहाची संमती दोनदा देण्यास ख्रिस्तसभेची मनाई आहे. मुलाच्या घरच्यांचा आग्रह असेल, तर चर्चमधील पद्धतीपासून सूट मिळते का, हे आपल्या धर्मग्रामातील फादरांना आधीच विचारावे. निमंत्रणे वाटून झाल्यावर नव्हे.

आता आपल्या यजमानांविषयी. त्यांची काळजी खोटी नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली श्रद्धा आपल्या नातवंडांपर्यंत पोहोचणार नाही, ही भीती श्रद्धावान माणसालाच वाटते. परंतु संबंध तोडून ते नेमके काय वाचवणार आहेत? मुलीने जे वचन द्यायचे आहे ते पाळण्याचे बळ तिला माहेरातूनच मिळू शकते. आजोबांच्या मांडीवर बसून क्रुसाची खूण शिकण्याची नातवंडाची वाट त्यांनी स्वतःच का बंद करावी? मिश्रविवाहातील कॅथलिक जोडीदाराला आणि मुलांना आध्यात्मिक साहाय्य कमी पडू नये आणि त्या कुटुंबाचे ऐक्य वाढावे, अशी जबाबदारी कॅनन लॉच्या ११२८व्या कलमाने बिशप व धर्मगुरूंवर टाकली आहे. जे काम ख्रिस्तसभा आम्हाला नेमून देते, त्याच्या उलट काम घरच्या माणसांनी करू नये. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात संत पौल म्हणतो की, विश्वास न ठेवणारा पती आपल्या पत्नीमुळे पवित्र झालेला आहे. हे वचन यजमानांना शांतपणे वाचून दाखवा. मी त्यांना भेटायला यावे असे वाटत असेल तर जरूर कळवा.

प्रश्न : माझा कायदेशीर घटस्फोट झाला आहे. मी पुन्हा लग्न केलेले नाही. तरीही ओळखीच्या बायका सांगतात की मी आता ख्रिस्तशरीर स्वीकारू शकत नाही. दोन वर्षे मी मिस्सेला मागच्या बाकावर बसून परत येते.

उत्तर : आपल्याला चुकीचे सांगितले गेले आहे, आणि त्यापायी आपली दोन वर्षे गेली याचे मला फार वाईट वाटते. केवळ घटस्फोटामुळे कोणीही ख्रिस्तशरीरापासून दूर होत नाही. पहिला विवाह वैध असताना दुसरा संसार थाटला तर प्रश्न उभा राहतो. आपल्या बाबतीत तसे काहीच घडलेले नाही. आपले हक्क, मुलांचा सांभाळ किंवा मालमत्तेचे रक्षण यासाठी घटस्फोट हाच मार्ग उरला असेल तर तो पाप ठरत नाही, असे ख्रिस्तसभेचे अधिकृत श्रद्धाशिक्षणच सांगते. जोडीदारामुळे शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याचा अधिकार कॅनन लॉच्या ११५३व्या कलमाने दिला आहे. ‘सहन करत राहा’ एवढाच सल्ला ज्यांना मिळाला, त्यांनी हे कलम लक्षात ठेवावे.

आपला विवाह मुळातच वैध होता का, अशी शंका असेल तर धर्मप्रांताच्या न्यायालयाकडे अर्ज करता येतो. पूर्वी विवाह अवैध ठरवणाऱ्या निकालाला दुसऱ्या न्यायालयाची पुष्टी लागत असे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ती सक्ती काढून टाकली. असा निकाल लागला तरी मुले अनौरस ठरत नाहीत, हेही सांगतो, कारण या एका भीतीने अनेक आया अर्जच करत नाहीत. येत्या रविवारी पुढे येऊन बसा.

प्रश्न : मित्र म्हणतात, कॅथलिक होणे म्हणजे पाश्चात्त्य होणे. घरात आजी म्हणते, लॅटिन मिस्सा हीच खरी मिस्सा, बाकी सगळी तडजोड. मला दोघांनाही उत्तर देता येत नाही. (महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर : आजीच्या भक्तीचा मान राखून तिला एवढेच विचार, की मिस्सेत आपण ‘किरिए एलेइसोन’ म्हणतो ती भाषा कोणती? ती ग्रीक आहे. ‘आमेन’ आणि ‘हालेलुया’ हे शब्द हिब्रू आहेत. रोममधील ख्रिस्ती लोकांची उपासना आरंभी ग्रीक भाषेतच होत असे. लोक लॅटिन बोलू लागले म्हणून चौथ्या शतकाच्या सुमारास उपासनाही लॅटिनमध्ये आली. म्हणजे आजीला जी अनादि वाटते ती लॅटिन मिस्सादेखील एके काळी लोकभाषेतली मिस्सा होती. नवव्या शतकात सिरिल आणि मेथोडियस या बंधूंनी स्लाव लोकांसाठी त्यांच्या भाषेत उपासना रचली, तेव्हा त्यांनाही हाच आक्षेप ऐकावा लागला आणि रोमने त्यांना पाठिंबा दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी लोकभाषांना दार उघडले ते याच जुन्या परंपरेला धरून.

मित्रांचा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्याला आमच्याच चुकांनी बळ दिले आहे. एखाद्या देशात धर्मप्रसारासाठी जाताना तिथे फ्रान्स, स्पेन किंवा इटली घेऊन जाऊ नका, न्यायची ती श्रद्धा, अशी सूचना रोमने आपल्या धर्मप्रसारकांना १६५९ सालीच दिली होती. सूचना उत्तम होती. ती पाळली गेली असती तर इतिहास वेगळा झाला असता. मात्तेओ रिची हा येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू १५८३ साली चीनमध्ये पोहोचला, तिथली भाषा आणि ग्रंथ शिकला, विद्वानांसारखा पोशाख करून त्यांच्यात राहिला आणि १६१० साली बीजिंगमध्येच मरण पावला. पूर्वजांना आदर वाहण्याचा चिनी विधी हा मूर्तिपूजेचा प्रकार नसून कौटुंबिक कृतज्ञता आहे, असे त्याचे मत होते. त्याच्या मृत्यूनंतर यावर दीर्घ वाद झाला, आणि १७०४पासून सुरू झालेल्या बंदीवर पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ साली शेवटचा शिक्का मारला. चिनी ख्रिस्ती माणसाला आपल्या श्रद्धेसाठी आजोबांच्या स्मृतीपुढे मान लववणे सोडावे लागले. ही बंदी १९३९ साली उठली. मधल्या दोन शतकांत किती घरांना ‘देव की वाडवडील’ अशी निवड करावी लागली असेल, याचा विचार केला की मला आजही अस्वस्थ वाटते.

परंतु मूळ उत्तर रिचीच्याही फार आधीचे आहे. यहुदी नसलेल्यांनी ख्रिस्ती होण्यासाठी आधी यहुदी व्हावे का, हा पहिल्याच पिढीपुढचा प्रश्न होता, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले. जी श्रद्धा आपल्या जन्मभूमीची संस्कृतीसुद्धा इतरांवर लादायला तयार नव्हती, ती युरोपची मालमत्ता कशी असेल? आजही रोमशी एकरूप असलेल्या लॅटिन चर्चखेरीज तेवीस पौर्वात्य कॅथलिक चर्च आहेत, त्यांच्या उपासनापद्धती निराळ्या आहेत, आणि त्यांतील अनेकांमध्ये विवाहित पुरुषांनाही धर्मगुरुपदाची दीक्षा मिळते. तेही आपल्याइतकेच कॅथलिक आहेत. मात्र संस्कृतीत आहे म्हणून सगळेच पवित्र, असाही याचा अर्थ नाही. माणसामाणसांत जन्मावरून उच्चनीच ठरवणारी किंवा मुलीला मुलापेक्षा कमी लेखणारी रीत कितीही जुनी असली तरी शुभवर्तमान तिच्याशी तडजोड करत नाही, मग ती पूर्वेची असो की पश्चिमेची.

प्रश्न : निवडणुकीच्या काळात कोणाला मत द्यावे हे फादरांनी प्रवचनात स्पष्ट सांगावे, असे माझे बंधू म्हणतात. मला ते पटत नाही. पण मग सार्वजनिक जीवनात श्रद्धेचे कामच काय?

उत्तर : आपले म्हणणे बरोबर आहे. राज्याच्या सत्तेत सहभागी करणारी पदे स्वीकारण्यास कॅनन लॉचे २८५वे कलम धर्मगुरूंना मनाई करते, आणि राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यावर २८७वे कलम निर्बंध घालते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली याहून पुढचे सांगितले. प्रत्येक प्रश्नावर धर्मगुरूंकडे तयार उत्तर असते असे प्रापंचिकांनी समजू नये. समान श्रद्धेची माणसे एकाच प्रश्नावर प्रामाणिकपणे वेगवेगळ्या निर्णयांना येऊ शकतात, आणि अशा वेळी ख्रिस्तसभेचा अधिकार केवळ आपल्याच मताच्या बाजूला आहे, असा दावा कोणी करू नये. आपल्या बंधूंना हा भाग अवश्य दाखवावा.

याचा अर्थ मौन नव्हे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात कामगाराला त्याचा निर्वाह होईल इतके वेतन मिळाले पाहिजे असे ठामपणे मांडले. मजुराने नाइलाजाने कमी पैशांवर संमती दिली तरी तो अन्यायच, असे म्हणताना त्यांनी कोणत्याही पक्षाचे नाव घेतले नाही. गरिबांची बाजू, जीवनाचे मोल, सत्य, प्रत्येकाचे धर्मस्वातंत्र्य ही तत्त्वे प्रवचनपीठावरून मांडलीच पाहिजेत. त्यांच्या प्रकाशात मत कोणाला द्यायचे, हे मात्र आपल्या सदसद्विवेकाने ठरवायचे असते, आणि ते ओझे फादरांच्या खांद्यावर ठेवून मोकळे होता येत नाही.

ते ओझे किती जड असू शकते, हे ऑस्ट्रियातील फ्रान्झ येगरश्टेटर या शेतकऱ्याच्या आयुष्यात दिसते. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन करण्याच्या बाजूने कौल घेतला गेला, तेव्हा त्याच्या गावात विरोधी मत देणारा तो एकटा होता. पुढे हिटलरच्या सैन्यात लढण्यास त्याने नकार दिला. धर्मगुरूंनी आणि बिशपांनीही त्याला समजावले की, घरी पत्नी आहे, तीन लहान मुली आहेत, त्यांचा विचार कर. त्याने विचार केला, आणि अन्यायी युद्धात शस्त्र हाती घेणे आपल्या श्रद्धेला मान्य नाही, या निर्णयावर तो ठाम राहिला. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. त्याची पत्नी फ्रान्झिस्का हिने आरंभी त्याचे मन वळवण्याचा प्रयत्न केला होता. नंतर ती त्याच्या पाठीशी उभी राहिली, गावाने दूर लोटले तरी शेत सांभाळत तिने मुली वाढवल्या. २००७ साली लिंझच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्झला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का आपल्या मुलींसह तिथे उपस्थित होती.