कपाटाच्या दारावरची यादी

पत्र : "सर, मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. नीटमध्ये जमलं नाही. आम्ही रिपीटची बॅच बघून ठेवली, पण ती म्हणते नाटकच करायचं, पुण्याला जायचं. परवा तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद दिसला. वर लिहिलंय, 'मला करायच्या भूमिका'. खाली बेणारेबाई, मंजुळा, खांसाहेब, गणपतराव बेलवलकर. शेवटी 'वाडा'तली वहिनी, पण ते खोडून प्रभा लिहिलंय. ह्यांचं म्हणणं, पोट्टी येड्यासारखी करून राहिली, यादीत दोन तर पुरुष आहेत. हे वयाचं खूळ समजायचं, की खरंच काही करावं लागेल? – एक आई, नागपूर"

ताई,

यादी खोडाखोडीसकट पाठवलीत हे फार बरं केलं. माझ्यासमोर बसणारी बहुतेक मुलं 'ॲक्टिंगमध्ये इंटरेस्ट आहे' एवढंच सांगतात. शेवटचं नाटक कुठलं पाहिलं विचारलं की मोबाइलकडे बघतात. तुमच्या मुलीनं निदान नाटकं वाचलेली दिसतात. पण आधी एक सांगा, कपाट उघडल्याचं तिला सांगितलंत का? नसेल तर ते आजच सांगून टाका. नंतर कळलं तर यादीवरचं बोलणं राहील बाजूला आणि भांडण कपाटावरून होईल.

आता यादी. पुरुष भूमिकांची काळजी नको. पुरुष असून स्त्रीभूमिका गाजवणाऱ्या बालगंधर्वांना आपण कौतुकानं नटसम्राट म्हणतो, मग मुलीनं 'नटसम्राट' नाटकातला गणपतराव करायचा म्हटला तर बिघडलं कुठे? शिवाय भूमिकेचं वय आणि नटाचं वय यांचा मेळ कधीच नव्हता. डॉ. श्रीराम लागूंनी 1970 साली तो थकलेला, घराबाहेर पडलेला म्हातारा उभा केला तेव्हा ते 43 वर्षांचे होते. खांसाहेबाचं मात्र वेगळं आहे. ती भूमिका गळ्यात असावी लागते. 'कट्यार काळजात घुसली' लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचे, आणि 1967 साली खांसाहेब गाजवणारे वसंतराव देशपांडे म्हणजे, सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे तेच. मुलगी गाणं शिकते का, हे पत्रात नाही. शिकत नसेल तर ते नाव यादीत शोभेपुरतं आहे, असं तिला मोकळेपणानं सांगा. राग येईल, येऊ द्या.

मंजुळा प्रत्येकीच्याच यादीत असते. मी काही वर्षं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो. 'ती फुलराणी'मधलं ते स्वगत सुरू झालं की शेजारचे परीक्षक चहा मागवायचे. दोष मुलींचा नाही. भक्ती बर्वेंनी ते इतकं करून ठेवलंय की पुढची प्रत्येक जण मंजुळेऐवजी भक्ती बर्वेच करते. तुमच्या मुलीला ऑडिशनला जायचं झालं तर कृपा करून दुसरं काही निवडू द्या.

मी थांबलो ते शेवटच्या ओळीपाशी. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' 1985 सालचं. माणसं आपल्या वऱ्हाडातली, घर आपण पाहिलेलं, बोली आजी-आजोबांची. त्यातली वहिनी म्हणजे भरलेलं ताट. अख्खं घर तिच्या डोक्यावर, आणि रात्री दागिने अंगावर घालून बघण्याचा तो प्रवेश! कुठल्याही नटीला विचारा, वहिनीच मागेल. प्रभा म्हणजे जिला शिकायचं होतं, घरानं शिकू दिलं नाही आणि जी त्याच वाड्यात कडवट होत गेली ती बहीण. अठरा वर्षांच्या मुलीनं वहिनी खोडून प्रभा लिहिली. यात तुम्हाला घरासाठी काही निरोप दिसत असेल तर दिसो, तो माझा प्रांत नाही. मला एवढंच दिसतं, की टाळ्यांची भूमिका सोडून तिनं अवघड भूमिका घेतली. ही निवड नुसत्या हौशीतून येत नाही.

तरीही ताई, ही यादी म्हणजे तिची आवड. तो अजून धंदा नव्हे. नाटकाचा धंदा यादीबाहेरच्या भूमिकांवर चालतो. मी स्वतः राज्य नाट्य स्पर्धेत हवालदार होतो, तीन वाक्यं. दीड महिना रोज संध्याकाळी तालमीला जायचो आणि तीनपैकी दोन वेळा मला कोणी तरी 'तू जरा खुर्च्या लाव' म्हणायचं. प्रयोगाच्या रात्री एन्ट्री चुकली ती चुकलीच. त्या दीड महिन्यात मला कळलं, की मला नाटक बघायला आवडतं. बँकेत लागलो, पुढे मुलांना सल्ला देण्याच्या या कामात आलो, आणि अजून पहिल्या रांगेत बसतो. हे तिला अठराव्या वर्षी कळलं तर तिचं नशीब. उलटं कळलं, म्हणजे खुर्च्या लावूनही ती दुसऱ्या दिवशी तालमीला धावली, तर तिला अडवू नका.

तुमचे यजमान एव्हाना म्हणत असतील, लागू घशाचे डॉक्टर होते, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, काशिनाथ घाणेकर दातांचे. मग आधी एमबीबीएस कर, मग नाच. पालकांना ही उदाहरणं फार आवडतात. पण लागूंना 1969 साली अखेर डॉक्टरकी सोडावीच लागली. आणि ते वैद्यकीयला मनापासून गेले होते, रिपीटच्या बॅचमध्ये ढकलले गेले नव्हते. मन नसलेल्या मुलीचं वर्ष आणि तुमचे पैसे त्या बॅचमध्ये घालू नका, हे माझं स्पष्ट मत. माझ्या मते खरं उदाहरण सुलभा देशपांडेंचं. 1967 साली त्यांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारेबाई केली. बेणारे शाळामास्तरीण, आणि सुलभाताईही छबिलदास शाळेत शिकवायच्या. घर चालवणारी नोकरी आणि रात्रीची तालीम, मराठी रंगभूमीचा बराच संसार असाच झाला आहे.

पुण्याचं म्हणाल तर विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाट्यशास्त्राची पदवी करता येते, प्रवेशाआधी चाचणी असते. जागा थोड्या, त्यामुळे दुसरा पर्याय हाती हवाच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा, आणि तिथे नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभव मागतात. म्हणजे नागपुरात राहून साधी बी.ए. किंवा बी.एस्सी. करत तीन वर्षं हौशी नाटकं केली, तर ते वर्षं वाया घालवणं नाही, ती त्या दाराची किल्लीच आहे. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमीही पदवीनंतरच. माझा कल नागपूरकडे आहे. एखाद्या हौशी संस्थेत तिला या मोसमात जाऊ द्या आणि अट एकच घाला : पहिल्या नाटकात भूमिका मागायची नाही. प्रॉम्प्टिंग, कपडेपट, प्रकाशयोजनेला मदत, मिळेल ते. आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर नाट्यकलाकारांसाठी आवाजाची चाचणी कधी होते, तेही विचारून ठेवा.

आणि दिवाळीनंतर धान निघाला की दोघी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला जाऊन या. झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, सीझन तेव्हा सुरू होतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, गावोगाव मंडप पडतात आणि नाटक रात्रभर चालतं. पुण्या-मुंबईचे लोक 'मराठी नाटक संपलं' म्हणत असतात, त्यांना हे ठाऊकच नसतं. नागपूरचे कितीतरी कलाकार तो हंगाम तिथे काढतात, एका रात्रीनंतर दुसऱ्या गावी, झोप गाडीत. तिला नायिकेकडे बघू नको म्हणा. मध्यरात्र उलटल्यावर दोन वाक्यांसाठी येणारी जी बाई असेल, मावशी, शेजारीण, कुणीही, तिच्याकडे बघ म्हणा. प्रयोग संपल्यावर रंगपटाशी जाऊन तिच्याशी बोला, आज कुठून आलात, उद्या कुठे जायचं आहे, नाइट किती मिळते, घरी मुलं कोणाजवळ ठेवली. पैशाचा प्रश्न तुम्ही विचारा, मुलगी लाजेल.

परत आल्यावर कागद तिथेच आहे का, आणि असला तर काय खोडलं, काय वाढवलं, ते कळवा. पहाटे मंडपात थंडी फार असते, शाल आणि स्वेटर दोन्ही न्या.