मानपत्रात भांडण येऊ दे

प्रिय मुली,

कचरावेचक ताईंच्या मानपत्राचा मसुदा वाचला. १० डिसेंबरची तयारी जोरात दिसते. सभागृह मिळालं, शाली आल्या, अध्यक्षही ठरले. (त्यांना दहा मिनिटं सांगितलीस तरी ते पंचवीस घेणार, हे धरून चाल.) मसुदा मात्र मला पटला नाही. ‘उपेक्षित घटकांसाठी आपण अहोरात्र झटलात’ हे वाक्य नाव बदलून कुठल्याही निवृत्त मुख्याध्यापकांना चालेल.

कार्यकर्ता कोणाशी तरी भांडलेला असतो, आणि सत्कार करताना आपण नेमकं ते भांडण गाळतो. ज्यांच्याशी ते झालं त्यांच्यातलेच काही पहिल्या रांगेत बसलेले असतात ना!

१६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीराव फुल्यांचा मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या हस्ते सत्कार केला, हे पुण्यात भाषणाला उभा राहणारा प्रत्येक जण सांगतो. त्याच्या तीनच वर्षं आधी, शाळा चालवतात म्हणून लोकांच्या दडपणाखाली वडिलांनी जोतीराव-सावित्रीबाईंना घराबाहेर काढलं होतं, ते मात्र घाईत उरकतात. बाबा आढावांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीचंही तेच. वक्ते पाण्यावर भरभरून बोलतात. दलितांना गावच्या विहिरीवर येऊ कोण देत नव्हतं, हे म्हणायची वेळ आली की घसा कोरडा पडतो.

आता तुमच्या सत्कारमूर्तींकडे ये. ताई कचरा वेचतात, १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली त्या पिढीतल्या. पुढे महापालिकेने कचरावेचकांचं ओळखपत्र मान्य केलं. त्याआधी पहाटे पोतं घेऊन निघालेल्या बाईला सोसायटीच्या रखवालदारापासून चौकीतल्या हवालदारापर्यंत जो तो चोर म्हणून अडवायचा. गळ्यातलं ते कार्ड दाखवून पुढे जाता येणं हा माझ्या लेखी त्यांचा पहिला सत्कार, आणि तो कोणी आपणहून केला नाही, मोर्चे काढून मिळवला. हे मानपत्रात हवं. त्यांच्या घरी जाऊन बस आणि विचार: कोणत्या फाटकातून हाकललं, भंगारवाला भाव कसा पाडायचा, ओला-सुका वेगळा द्या म्हटल्यावर कोण अंगावर आलं. मग त्यांच्याच शब्दांत लिही. लिहून झालं की आधी त्यांना वाचून दाखव. जे नाव नको म्हणतील ते काढ. त्यांना उद्या पुन्हा त्याच फाटकातून आत जायचंय.

आणि काचेची चौकट नको, हात जोडतो. अशाच एका कार्यक्रमानंतर मी एका बाईंना बसमध्ये पाहिलं. एका हातात दीड हात लांबीची चौकट, काखेत शाल, पिशवीत नारळ, आणि वरचा दांडा धरायला हातच नाही. कंडक्टर म्हणाला, “मावशी, काच सांभाळा, कोणाला लागेल.” साधा कागद प्लास्टिकमध्ये घालून द्या. सभागृह सकाळी अकराचं घेतलंय ना? म्हणजे ताईंचा खाडा. वेळ संध्याकाळची करा, नाहीतर त्या दिवसाची मजुरी पाकिटात वेगळी घाला.

पाकिटाबद्दल संकोच नको. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या नटांनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. हारतुऱ्यांपेक्षा ती रक्कम कार्यकर्त्याच्या घरात जास्त कामाची. मंचावरची फुलांची कमान रद्द केलीस तरी बरंच सुटेल. (सजावटवाला ओळखीचा आहे म्हणालीस, तर वाईटपणा माझ्यावर ढकल.)

तुझ्या समितीतले कोणी म्हणतील, वाद कशाला, चांगल्या दिवशी चांगलं बोलावं. त्यांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर घेऊन जा. त्याचं खरं नाव महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल. अस्पृश्यतेविरुद्ध हयात घालवलेल्या माणसाचा सन्मान म्हणून दिलेलं नाव, जे निम्म्या पुण्याच्या तोंडी नाही. त्याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घालत होते, त्याचा वटहुकूम खुनानंतर आठवड्याच्या आत निघाला. पद्मश्री २०१४ मध्ये, मरणोत्तर. ते हयात होते तेव्हा ‘वाद कशाला’ म्हणणारे याच शहरात होते.

नवा मसुदा एका पानाचा कर. ‘दीपस्तंभ’ आणि ‘अहोरात्र’ दोन्ही काढ. मला पाठवायच्या आधी ताईंना वाचून दाखव, आणि त्या मध्येच “असं नव्हतं झालं” म्हणाल्या तर पेन तयार ठेव.

तुझा,
काका