नो-गो आत गेला तेव्हा

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. सुपरवायझर होऊन तीन महिने झाले, हाताखाली अकरा जण, त्यातले चार तुझ्या बाबांच्या वयाचे, आणि ‘कालची पोर आम्हाला काय शिकवणार’ हे तू कँटीनच्या रांगेत स्वतःच्या कानांनी ऐकलंस. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, असं लिहिलंयस. वाचून जीव तुटला. माणसं माझं ऐकतील कशी, हा तुझा प्रश्न.

मी टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढली, शेवटची बारा फोरमन म्हणून. माणसं आधी आपल्याला बघतात आणि ऐकायचं की नाही ते मग ठरवतात. सगळ्यात बारकाईने बघतात ते आपण चुकल्यावर काय करतो ते. हे मी ज्या दिवशी शिकलो, तो दिवस तुझ्या काकूलाही मी फार उशिरा सांगितला. आज तुला सांगतो.

चोवीस वर्षांचा टर्नर होतो. गनमेटलच्या बुशचा, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या आखूड नळ्यांचा, दोनशे नगांचा लॉट होता. बोअर, म्हणजे आतलं भोक, २५ मिलिमीटर, ड्रॉइंगवर एच ७. म्हणजे २५.००० ते २५.०२१, एकवीस मायक्रॉनची जागा. शिफ्ट संपायला तासभर होता आणि लॉट संपवायची घाई. कापणारी टिप झिजली म्हणून बदलली, पण ट्रायल कट न घेता जुन्याच रीडिंगवर काम पुढे रेटलं. तीन नग झाल्यावर प्लग गेज, भोक तपासायची दुतोंडी दांडी, लावला. गो गेला, तो जायलाच हवा. गेज उलटा करून नो-गो लावला. तो तोंडावरच अडायला हवा होता. अलगद आत गेला, हाताला काही लागलंच नाही. बोअर लहान राहिलं तर आणखी एक कट घेता येतो. मोठं झालं की संपलं, कापलेलं परत चिकटवता येत नाही.

इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. तिन्ही नग ट्रेमध्ये चांगल्या नगांच्या मधोमध ठेवून दिले.

तपासणी नमुन्याचे नग काढून व्हायची, लॉट पास झाला. दोन आठवड्यांनी असेंब्लीत एक बुश शाफ्टवर खुळखुळला आणि इन्स्पेक्शनच्या वयस्क काकांना सगळ्यांदेखत बोलणी बसली. मी दहा फुटांवर उभा राहून लेथ पुसत होतो. पुसलेलाच लेथ पुन्हा पुसत होतो.

आठ दिवस जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी मेस्त्रींना सांगितलं. त्यांनी विचारलं, “किती?” म्हटलं, “तीन.” “रविवारी सकाळी ये,” एवढंच म्हणाले. रविवारी आलो तर ते माझ्या आधी येऊन बसलेले. स्टोअरमध्ये एकशे त्र्याऐंशी नग शिल्लक होते. ते एकेक बुश फडक्याने पुसून माझ्या हातात देत होते, मी गेज लावत होतो. दुपारी दोनपर्यंत उरलेले दोन सापडले. सोमवारी ते मला इन्स्पेक्शनच्या काकांसमोर घेऊन गेले आणि बाजूला उभे राहिले. बोलायचं मलाच होतं. काका त्यानंतर महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. तो त्यांचा हक्क होता.

मेस्त्री नुसते ओरडले असते तर चार दिवसांत विसरलो असतो. स्वतःची सुट्टी मोडून फडकं घेऊन बसलेला तो माणूस अजून डोळ्यांसमोर आहे. त्यानंतर त्यांनी सांगितलेलं मी कधी टाळलं नाही, आणि त्यांनी कधी आवाज चढवला नाही.

म्हणून सांगतो, तुझ्या लाइनवर रिजेक्शनचा बोर्ड असेलच. तुझ्या सेटिंगमुळे नग गेला तर तो तुझ्या हाताने, तुझ्या नावासमोर लिही. सगळे असताना लिही. हाताला कापरं भरेल, भरू दे. त्या चौघांपैकी ज्यांचा हात सगळ्यात चांगला, त्यांच्याकडे जाऊन म्हण, “दादा, हे सेटिंग मला जमत नाही, दाखवा.” यात कमीपणा नाही. तीस वर्षं मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, याचंच दुःख मोठं असतं. बहुतेक कँटीनमधलं ते वाक्यही त्यातूनच आलं असेल.

एका बाबतीत मात्र वय बघू नकोस. फिरत्या लेथवर हातमोजे घालून कोणी उभा दिसला, तर तो कितीही ज्येष्ठ असो, मशीन बंद करायला लाव. मोजा जॉबला अडकला की हात ओढून नेतो. जॉब धरणाऱ्या चकमध्ये किल्ली विसरली असेल तरी तेच. तिथे भिडेला जागा नाही.

आणि गरम नग मोजू नकोस, माप चुकतं, आधी थंड होऊ दे, हे तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. माणसाशी बोलतानाही तेवढा वेळ जाऊ दे.

चिकाटीबद्दल विचारलंयस. मी चिपळूणचा. एसटी कुंभार्ली घाट चढायला लागली की मला नेहमी धोंडो केशव कर्वे आठवतात. दापोलीजवळच्या मुरूडचा हा सतरा वर्षांचा मुलगा १८७५ साली परीक्षेसाठी साताऱ्याला चालत गेला. पावसापाण्यातून, शंभराहून अधिक मैल. तिथे साहेबांना तो वयाने लहान वाटला आणि त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. लोक त्याच्या जाण्याची गोष्ट सांगतात. माझं मन अडकतं ते परतीच्या वाटेवर. हाती काही नाही, पाय सुजलेले, घरी काय सांगायचं हे ठरलेलं नाही, आणि घर तेवढंच लांब. तो घरी गेला, पुन्हा अभ्यासाला बसला आणि पुढच्या वर्षी पास झाला. पुढे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून झालं की हाच माणूस हिंगण्याच्या विधवाश्रमापर्यंत पायी जायचा, रोज. तेव्हा तिकडे धड रस्ताही नव्हता. साताऱ्याहून रिकाम्या हाताने परतताना जी सवय पायांना लागली तीच पुढे उपयोगी पडली असावी, असं मला वाटतं.

तुझे तीन महिने म्हणजे अजून घाटाचा पायथाच आहे. पी हळद अन् हो गोरी, असं इथे होत नाही. त्या रांगेतल्या वाक्याचा हिशेब चुकता करायच्या मागे लागू नकोस. पुढच्या सोमवारी पहिली शिफ्ट आहे ना? दहा मिनिटं आधी जा. रात्रपाळीकडून चार्ज टेबलावर नको, मशीनपाशी उभी राहून घे. ज्यांनी ते वाक्य म्हटलं त्यांच्याच मशीनपासून सुरुवात कर आणि रात्री काय त्रास झाला ते विचार. उत्तर देतील न देतील. मंगळवारी पुन्हा विचार.

महिन्याने लिही. फोन नको, पत्रच लिही, मला सावकाश वाचायला आवडतं. बोर्डावर तुझ्या नावासमोर किती नग लागले, तेही लिही.

तुझा,
काका